‘कडक’ बुश आणि ‘नरम’ बुश : जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या दुरुस्तीतील एक निवड

यंत्राचा एक भाग दुसऱ्या भागाभोवती फिरत असला, की त्या दोहोंच्या मध्ये झीज सोसणारा तिसरा भाग बसविण्याची युक्ती फार जुनी आहे. बैलगाडीच्या तुंब्यात बसविलेली लोखंडी नळी आणि आंसाला दिलेले वंगण ही तिचीच उदाहरणे होत. मोटारीत या मधल्या भागाला ‘बुश’ म्हणतात. हा शब्द इंग्रजीने मध्ययुगीन डच भाषेतून घेतला व इंग्रजीतून तो मराठी कारखान्यांत आला. तथापि मोटारीच्या सस्पेन्शनमधील रबरी बुशाचे कार्य तुंब्यातील नळीच्या कार्याहून पुष्कळच व्यापक आहे. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे जुन्या मोटारींसाठी बदली बुश निवडताना नेहमी चूक होते. त्या निवडीची तत्त्वे एका प्रसिद्ध उदाहरणाच्या आधारे येथे स्पष्ट केली आहेत.

हे उदाहरण म्हणजे ‘एमजीबी’ ही ब्रिटिश स्पोर्ट्स मोटार. ती 1962 मध्ये बाजारात आली व 1980 मध्ये अ‍ॅबिंग्डन येथील तिचे उत्पादन थांबले. या अवधीत पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांपैकी पुष्कळ आजही वापरात आहेत. हिच्या पुढील चाकांना वेटोळ्याच्या स्प्रिंगा व विशबोन आहेत. मागील आंस पाट्यांच्या कमानींवर तोललेला आहे. स्वतंत्र सांगाडा नसून पत्र्याची कायाच सर्व भार वाहते. विशबोनच्या आतील टोकांशी, कमानींच्या दोन्ही टोकांशी आणि गाडीचा कल आवरणाऱ्या आडव्या दांड्याच्या आधारांशी रबरी बुश असतात.

बुशाकडून तीन कामांची अपेक्षा असते. पहिले, चाक वरखाली होताना विशबोनला सहजपणे फिरू देणे. दुसरे, ब्रेक लावताना किंवा वळण घेताना येणाऱ्या जोरापुढे चाक आपल्या जागेवरून हलू न देणे. तिसरे, रस्त्याचे बारीक हादरे स्वतःत जिरवून ते कायेपर्यंत पोहोचू न देणे. यांपैकी दुसऱ्या कामासाठी ताठरपणा हवा, तर पहिल्या व तिसऱ्या कामांसाठी लवचीकपणा हवा. त्यामुळे कोणताही बुश म्हणजे परस्परविरोधी गरजांमधील एक तडजोडच होय, आणि ही तडजोड कोठे करावयाची हाच निवडीचा खरा प्रश्न होय.

या ठिकाणी भाषेमुळे एक घोटाळा होतो. कारागीर ‘कडक’ हा एकच शब्द तीन भिन्न गुणांसाठी वापरतो : पदार्थाची कठिनता, तयार भागाची ताठरता, आणि प्रवाशाला जाणवणारा हादरा. कठिनता ‘शोअर ए’ या शून्य ते शंभर अशा मापाने मोजतात. बोथट टोकाची सुई पदार्थात किती रुतते यावर ते माप आधारलेले आहे. हे माप समप्रमाणात चढत नाही. आकडा 60 वरून 80 वर गेला, तर तो एक-तृतीयांशानेच वाढलेला दिसतो; परंतु पदार्थाची ताठरता सुमारे अडीच पटींनी वाढते. शिवाय तयार भागाची ताठरता त्याच्या आकारावरही अवलंबून असते. रबर दाबले असता त्याचे आकारमान जवळजवळ घटत नाही, ते केवळ बाजूंना पसरते. म्हणून धातूच्या दोन नळ्यांमध्ये कोंडलेला रबराचा पातळ थर हा त्याच रबराच्या मोकळ्या गोळ्यापेक्षा कितीतरी अधिक ताठर असतो. एवंच, विक्रेत्याने सांगितलेल्या एका आकड्यावरून बुशाचे वर्तन ठरविता येत नाही.

आता उपलब्ध पर्यायांचा विचार करू. नैसर्गिक रबर हादरे उत्तम जिरविते. पण तेलाने ते फुगते आणि हवेतील ओझोनमुळे त्याला भेगा पडतात. एमजीबीच्या मूळ पुढील बुशात रबराचे दोन सुटे अर्ध असतात. ते कालांतराने चेपून बाहेर येऊ लागतात. 1973 ते 1976 या काळात निघालेल्या आठ सिलिंडरांच्या आवृत्तीत त्यांच्या जागी आत पोलादी नळी असलेला अखंड बुश आला. तो साध्या एमजीबीच्या विशबोनमध्येही बसतो. त्यात रबराचे गुण कायम राहतात व चाक मात्र अधिक नेमके धरले जाते.

दुसरा पर्याय पॉलियुरेथेनचा. या पदार्थाचा शोध ओटो बायर व त्यांचे सहकारी यांनी 1937 मध्ये जर्मनीत लावला. तो तेलाला दाद देत नाही व दीर्घकाळ टिकतो. पण रबरी बुश आतल्या आत पिळला जाऊन हालचालीला वाव देतो, तर पॉलियुरेथेनचा बुश नळीवर घसरत फिरतो. म्हणून त्याला योग्य वंगण लागते. ते सुकले की बुश अडखळत सरकतो व करकरतो. नायलॉनसारख्या कठीण प्लास्टिकचे किंवा गोलाकार धातूचे सांधे याहूनही नेमके असतात. परंतु ते हादरा जवळजवळ जिरवीतच नाहीत, म्हणून त्यांचे स्थान शर्यतीच्या मैदानात आहे.

यावरून सर्व ठिकाणी एकाच जातीचे बुश घालणे का चुकीचे, हे कळून येते. आडव्या दांड्याच्या आधारांशी फारशी गुंतागुंतीची हालचाल नसते; तेथे पॉलियुरेथेन निर्धोकपणे चालते. पुढील विशबोनशी पोलादी नळीचा रबरी बुश बहुतेकांना पुरेसा ठरतो. मागील कमानीच्या पुढच्या टोकाची गोष्ट मात्र निराळी आहे. गाडी वळणावर कलली की पाटे पिळले जातात, आणि हा पीळ त्या टोकाच्या बुशाने सोसावयाचा असतो. तेथे ताठर बुश घातल्यास कमान मोकळेपणाने पिळली जात नाही, मागील बाजूचा कल नको तितका रोखला जातो, आणि वळणावर मागील चाकांची पकड सुटण्याचा संभव वाढतो. ज्या बदलाने गाडी अधिक सुरक्षित व्हावी अशी अपेक्षा, तोच बदल येथे घातक ठरू शकतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा कायेचा आहे. बुशाने न जिरविलेला हादरा नाहीसा होत नाही. तो पुढील भागाकडे जातो. चाळीस-साठ वर्षांच्या गाडीत तो पुढील भाग म्हणजे बहुधा आतून गंजलेला पत्रा व जुनी जोडणी असते. बुश ही स्वस्त व बदलता येणारी वस्तू आहे, काया तशी नाही. म्हणून बुशाने झिजावे आणि कायेने टिकावे, हीच मूळ रचनेमागील दृष्टी होय. याचबरोबर हेही ध्यानात ठेवले पाहिजे, की वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिलेले ‘अस्सल’ रबर न वापरताही वृद्ध होते. केवळ जुन्या वेष्टनावरून त्याची पारख करू नये.

निवड योग्य असूनही बसविण्याच्या चुकीने ती निष्फळ होऊ शकते. रबरी बुशाचे नट चाके लोंबकळत असताना घट्ट केले, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते व लवकर फाटते. म्हणून अखेरचा आवळ गाडीचा भार चाकांवर असतानाच द्यावा. रबराला खनिज वंगण लावू नये. बसविताना साबणाचे पाणी पुरते. डावा व उजवा बुश जोडीनेच बदलावा आणि नंतर चाकांची समरेषा तपासून घ्यावी.

सारांश, ‘कडक बुश चांगला की नरम’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या जागी, कोणत्या दिशेने येणाऱ्या जोरासाठी आणि कोणत्या वापरासाठी, हे सांगितल्यावाचून त्याला उत्तर नाही. एकाच शब्दात कोंबलेले तीन अर्थ वेगळे केले, की निवडीचा निम्मा भाग आपोआप उलगडतो.