गाळे मोजावेत की गल्ला?
ऑनलाईन दुकानाचे सॉफ्टवेअर निवडताना बाजारहिश्शाचे आकडे कसे वाचावेत

दिवाळीच्या वहीपूजनात आता लाल कापडी वहीच्या शेजारी लॅपटॉपही दिसू लागला आहे. कुंकवाचे बोट वहीवर उमटते, तसेच त्यावरही. जालन्याच्या सदर बाजारात, मोंढ्यात किंवा कादराबादेत पिढ्यान्‌पिढ्या पेढी चालविणाऱ्या घरांत गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वारंवार निघतो. मुलगा किंवा सून म्हणते, "आपले स्वतःचे ऑनलाईन दुकान काढू या." वडील विचारतात, "त्याचा खर्च किती आणि भरवसा काय?" मग एखादा सॉफ्टवेअर विकणारा तरुण घरी येतो आणि रंगीत तक्ता पुढे ठेवतो. जगातील इतके टक्के दुकाने आमच्या सॉफ्टवेअरवर चालतात, आता तुम्हीच ठरवा, असे तो म्हणतो. दुसऱ्या दिवशी दुसरा येतो. त्याच्याही तक्त्यात त्याचेच सॉफ्टवेअर पहिले असते.

दोघेही खोटे बोलत नसतात. दोघांनी मोजलेली वस्तू वेगळी असते. ती कोणती, हे कळले की निम्मा गोंधळ मिटतो.

प्रथम ही सॉफ्टवेअरे आली कुठून, ते पाहू. ऑनलाईन दुकान थाटून देणारे आरंभीचे प्रसिद्ध सॉफ्टवेअर म्हणजे व्हायावेब. पॉल ग्रॅहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू केले. १९९८ मध्ये याहूने ते सुमारे ४.९ कोटी डॉलरना घेतले आणि त्याचे याहू स्टोअर झाले. पुढे २००४ मध्ये कॅनडातील ओटावा येथे टोबियास ल्युट्के आणि स्कॉट लेक यांनी बर्फावर घसरण्याच्या फळ्या विकणारे एक ऑनलाईन दुकान काढले. बाजारातील एकही सॉफ्टवेअर पसंत पडेना, म्हणून ल्युट्के यांनी दुकानासाठी स्वतःच ते लिहिले. फळ्यांपेक्षा त्या सॉफ्टवेअरलाच मागणी येईल, हे त्यांच्या ध्यानी आले आणि २००६ मध्ये शॉपिफाय जन्माला आले. वूकॉमर्सची वाट निराळी. वर्डप्रेस हे संकेतस्थळे उभारण्याचे मोफत सॉफ्टवेअर आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांच्या मुळाशी आहे. त्याला जोडण्याचा दुकानाचा भाग म्हणून २०११ मध्ये वूकॉमर्स आले. २०१५ मध्ये ऑटोमॅटिक या कंपनीने ते विकत घेतले. मॅजेंटो २००८ मध्ये आले. ते आधी ईबेकडे, तेथून एका गुंतवणूक संस्थेकडे आणि २०१८ मध्ये १६८ कोटी डॉलरना अ‍ॅडोबीकडे गेले.

आपल्या भाषेत सांगायचे, तर शॉपिफाय हा तयार भाड्याचा गाळा आहे. फर्निचर, दिवाबत्ती, पहारेकरी सर्व मालकाचे, आपण दरमहा भाडे भरायचे. वूकॉमर्स म्हणजे स्वतःच्या जागेवर बांधलेले दुकान. आराखडा फुकट मिळतो, परंतु जागा म्हणजे होस्टिंग, गवंडी म्हणजे तंत्रज्ञ आणि रात्रीची राखण हे सर्व आपल्याकडे. अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो ही तिसरीच गोष्ट. ती म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या दुकानातील एक फळी. गिऱ्हाईक त्या दुकानाचे, माल आपला.

आता तक्त्याकडे वळू. समजा, एका बाजारात १०० गाळे आहेत. ५० गाळ्यांवर एका कंत्राटदाराची पाटी आहे, २५ गाळ्यांवर दुसऱ्याची आणि उरलेले २५ किरकोळ आहेत. पहिल्याच्या ५० पैकी २० गाळ्यांना कायमचे कुलूप आहे, २० गाळ्यांचा रोजचा गल्ला २ हजार रुपये आहे आणि १० गाळ्यांचा ५ हजार. त्याच्या सर्व गाळ्यांचा मिळून गल्ला होतो ९० हजार. दुसऱ्याचे २५ गाळे सर्व उघडे आहेत आणि प्रत्येकी ८ हजारांचा धंदा करतात. तो होतो २ लाख. किरकोळ गाळ्यांचे मिळून ६० हजार धरा. गाळे मोजले, तर पहिल्याचा हिस्सा ५० टक्के आणि दुसऱ्याचा २५. गल्ला मोजला, तर पहिल्याचा २६ टक्क्यांच्या आत आणि दुसऱ्याचा ५७ टक्के. बाजार तोच, दिवस तोच. बदलली ती केवळ मोजपट्टी.

हे आकडे समजुतीसाठी घेतले असले, तरी प्रत्यक्षातील चित्र याच धाटणीचे आहे. जगातील संकेतस्थळांच्या संख्येने मोजले, तर वूकॉमर्स पुढे असते. मोठ्या वर्दळीची दुकाने आणि प्रत्यक्ष उलाढाल पाहिली, तर शॉपिफायचे पारडे जड होते. २०२४ या एका वर्षात शॉपिफायवरील दुकानांतून सुमारे २९२ अब्ज डॉलरची विक्री झाली. वूकॉमर्सचा असा एकत्रित हिशेब देणे अवघड आहे, कारण ज्याचे दुकान त्याच्याच जागेवर असते आणि गल्ल्याचा आकडा कुणा एकाकडे जमा होत नाही. शिवाय मोफत सॉफ्टवेअर हौसेने बसवून विसरून गेलेली दुकानेही मोजणीत येतात. भाडे भरावे लागणारा गाळा मात्र धंदा नसेल, तर माणूस लवकर सोडतो.

ही मोजणी होते कशी, तेही जाणून घ्यावे. बिल्टविथ, डब्ल्यूथ्रीटेक्स यांसारख्या संस्था यंत्राद्वारे लाखो संकेतस्थळे उघडून त्यांच्या मागील सांकेतिक मजकुरातील खुणा तपासतात आणि त्यावरून सॉफ्टवेअर ओळखतात. एक संस्था सर्व संकेतस्थळे धरते, दुसरी केवळ जास्त वर्दळीची. एकीचा तक्ता जगाचा, दुसरीचा एका देशाचा. अमेरिकेतील हिश्शाचा तक्ता जालन्याच्या व्यापाऱ्यापुढे ठेवणे म्हणजे लातूरच्या तुरीचा भाव पाहून येथील सरकीचा सौदा करण्यासारखे आहे.

आणि आपल्याकडचा फार मोठा व्यवहार या तक्त्यांत येतच नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस २०१८ च्या आरंभी आले आणि २०१९ मध्ये त्यात मालाची यादी मांडण्याची सोय झाली. साडीचा फोटो पाठवायचा, भाव सांगायचा, यूपीआयवर पैसे घ्यायचे आणि एसटीच्या पार्सलने किंवा कुरिअरने माल रवाना करायचा, असे दुकान आपल्या घराघरांत चालते. कोणत्याही मोजणी यंत्राला ते दिसत नाही. म्हणून तक्ता पाहताना पहिला प्रश्न विचारावा, की यात आपल्यासारखा धंदा आहे का?

मग बाजारहिस्सा निरर्थक म्हणावा काय? तसे मुळीच नाही. त्याचा खरा उपयोग आपल्याला टॅलीने शिकविला आहे. १९८६ मध्ये गोयंका पितापुत्रांनी सुरू केलेल्या कंपनीचे हे सॉफ्टवेअर आपल्या पेढ्यांत इतके का रुजले? मुनीमजी सोडून गेले, तरी दुसऱ्या दिवशी टॅली जाणणारा माणूस मिळतो. सीएच्या कार्यालयात तेच असते. गल्लीतला मुलगा त्याचाच वर्ग करून आलेला असतो. हिस्सा मोठा असण्याचा फायदा हा, की आपण एका माणसाच्या मुठीत राहत नाही. ऑनलाईन दुकानाच्या सॉफ्टवेअरलाही हीच कसोटी लावावी. जालन्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात ते जाणणारी निदान तीन-चार माणसे आहेत का? पेमेंट गेटवे, कुरिअर आणि जीएसटी बिलाची जोडणी त्यात तयार मिळते का? मराठीतून ते वापरता येते का? वर्डप्रेसचे मराठी भाषांतर स्वयंसेवकांनी केलेले आहे, ही येथे जमेची बाजू आहे.

मोठा हिस्सा असला, तरी तो कायम राहील असे नाही. मॅजेंटोच्या पहिल्या आवृत्तीवर एके काळी जगभरातील नामांकित दुकाने होती. ३० जून २०२० रोजी त्या आवृत्तीची अधिकृत देखभाल बंद झाली. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या येणे थांबले आणि दुकानदारांना सारा संसार उचलून नव्या घरी न्यावा लागला. आपल्या देशातही असे वळण दिसते. कार्टरॉकेट हे भारतीय दुकान-सॉफ्टवेअर पुढे माल पोहोचविण्याच्या व्यवसायाकडे वळले. आज आपण ज्या शिपरॉकेटमार्फत पार्सले पाठवितो, तिचे मूळ तेथे आहे. २०२० च्या टाळेबंदीत आलेल्या दुकान या अ‍ॅपकडे अनेक छोटे व्यापारी वळले. जुलै २०२३ मध्ये त्याच्या प्रमुखांनी ग्राहकसेवेतील सुमारे ९० टक्के माणसांच्या जागी संगणकीय उत्तरयंत्र आणल्याचे जाहीर केले. अडचणीच्या वेळी फोन माणूस उचलतो की यंत्र, हे ज्याने त्याने आधीच विचारून घेतलेले बरे.

खर्चाचा हिशेब तर आपल्याला कुणी शिकवायला नको, पण एक बाब सहज नजरेआड होते. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात उपलब्ध नाही. त्यामुळे बाहेरचा गेटवे जोडावा लागतो आणि मूळ योजनेत अशा व्यवहारांवर शॉपिफाय २ टक्के शुल्क घेते. गेटवेचे शुल्क वेगळे. वर्षाला ५ लाखांची रक्कम ऑनलाईन जमा होत असेल, तर मासिक भाड्याव्यतिरिक्त केवळ या २ टक्क्यांचे १० हजार रुपये होतात. वूकॉमर्समध्ये हे शुल्क नाही, परंतु होस्टिंग, देखभाल आणि दुरुस्तीचा खर्च येतो, तो अनियमित असतो आणि नेमका सणाच्या तोंडावर उभा राहतो. मोठ्या विक्रीमंचावर दर विक्रीमागे दलाली जाते. शिवाय तेथे जीएसटी कायद्यानुसार मंचाने विक्रेत्याच्या रकमेतून कर कापून ठेवायचा असतो. हा दर १० जुलै २०२४ पासून १ टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर आला. रक्कम पुढे मिळते, पण तोवर भांडवल अडकते. स्वतःच्या संकेतस्थळावर ही कपात नसते.

आता आपल्या जिल्ह्याचा माल पाहू. "जालना सोने का पालना" ही म्हण ज्या बाजाराने कमावली, त्यातील प्रत्येक वस्तू ऑनलाईन टोपलीत बसणारी नाही. लोखंडी सळईचा भाव रोज हलतो, सौदा टनात होतो आणि वाहतुकीवर ठरतो. तेथे माहिती व चौकशीचे साधे संकेतस्थळ पुरते, महागडे दुकान नको. बियाण्यांत जालन्याचे नाव १९६४ पासून, बद्रीनारायण बारवाले यांनी महिको स्थापन केल्यापासून देशभर आहे, परंतु बियाणे विक्रीला परवाना लागतो आणि तो नियम पडद्यावरील दुकानालाही चुकत नाही. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव दूरवर विकले जाऊ शकते, पण फळ नाशवंत आहे आणि परत आलेले पार्सल म्हणजे सरळ तोटा. याउलट कापड, तयार कपडे, मसाले, पापड, सुकामेवा, पूजासाहित्य, चांदीच्या लहान वस्तू हा माल टिकाऊ आहे, वजनाला हलका आहे आणि भेट म्हणूनही जातो. डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा जालन्यावरून वाहता झाला आणि माल बाहेर काढणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. तेव्हा आधी माल ठरवावा, मग मार्ग आणि शेवटी सॉफ्टवेअर.

सर्वांत मोलाची गोष्ट तर कोणत्याच तक्त्यात नसते. ती म्हणजे गिऱ्हाइकांची वही. आपल्या आजोबांनी दुकान बदलले, भागीदारी मोडली, आगीत माल गेला, तरी खतावणी छातीशी धरून ठेवली. कुणाचा काय शौक, कुणाकडे कधी लग्न, कुणाची पत किती, हे त्या वहीत होते आणि त्याच भांडवलावर धंदा पुन्हा उभा राहिला. मोठ्या विक्रीमंचावर ही वही मंचाची असते. माल आपण पाठवितो, पण गिऱ्हाईक पुढच्या वेळी आपल्याकडे येईल की शेजारच्या फळीवर जाईल, ते मंच ठरवितो. स्वतःच्या दुकानात, ते शॉपिफायवर असो वा वूकॉमर्सवर, गिऱ्हाइकांची व मालाची यादी फाईलच्या रूपाने उतरवून घेता येते. ती दरमहा उतरवून ठेवावी. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, स्वतःच्या नावावर व स्वतःच्या ईमेलवर घ्यावे, बनवून देणाऱ्याच्या नावावर कदापि नाही. दुकानाच्या पाटीचा सातबारा सुताराच्या नावे कुणी करतो का?

वही आपली, तशी जबाबदारीही आपली. २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार स्वतःच्या संकेतस्थळावरून विकणाऱ्यानेही तक्रार निवारणासाठी अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याच्या आत तिचा निकाल लावावा लागतो. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने गिऱ्हाइकाचा फोन नंबर ही त्याची अमानत मानली आहे. आपल्या पेढ्यांना हे नवीन नाही. अमानतीत खयानत न करणे, हाच तर पतीचा पाया.

तेव्हा पुन्हा कुणी रंगीत तक्ता घेऊन आला, तर त्याला पाणी द्यावे, आदराने बसवावे आणि चार प्रश्न विचारावेत. हे गाळे मोजले आहेत की गल्ला? हा आकडा कोणत्या देशाचा आणि कोणत्या आकाराच्या दुकानांचा? तुम्ही उद्या दुसरीकडे गेलात, तर हे चालविणारा दुसरा माणूस येथे मिळेल का? आणि आम्ही सोडून जायचे ठरविले, तर आमची वही आमच्या हाती येईल का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच्याकडे नसली, तरी सौदा होऊ शकतो. शेवटच्या दोन प्रश्नांना तो अडखळला, तर चहा पाजून निरोप द्यावा.