माळ्यावरची हत्यारं भंगारात घालण्याआधी

आज आपण सुतारकामाच्या जुन्या हत्यारांविषयी बोलू. कळंब्यात काय किंवा तुमच्या गावात काय, ज्या घरात आजा-सासऱ्यांनी सुतारकी केली, तिथं माळ्यावर एखादं पोतं असतंच. खंडेनवमीला ते खाली येतं, हळदकुंकू लागतं आणि परत वर जातं. मग एखाद्या वर्षी भंगारवाला येतो आणि सगळं किलोवर जातं. हत्यारं पुरुषांची, म्हणून आपण हात लावत नाही. पण झाडायची आणि विकायची वेळ आपल्यावरच येते. म्हणून ही माहिती आपल्याला हवी.

भंगारवाला लोखंडाचं वजन करतो, धारेचं नाही. जुन्या रंध्याचं किंवा पटाशीचं पातं पुष्कळदा मऊ लोखंडाचं असून तोंडाला पोलाद जोडलेलं असतं. त्या पोलादाला पाणी दिलेलं असतं, म्हणून धार टिकते. त्यामुळं गंज जाळायला पातं चुलीत कधीच घालू नका. पाणी उतरलं की धार धरत नाही.

पोतं उघडलं की आधी निवड करा. तासायचा वाकस, लाकूड गुळगुळीत करायचा रंधा, खाच पाडायची पटाशी, भोकं पाडायचं गिरमिट, काटकोन बघायचा गुण्या. नावं थोरल्या माणसांना विचारून चिठ्ठी बांधा. पातं टांगून हळूच ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर तडा आहे का बघा. वरवरचा गंज निघतो. धारेजवळ खोल खड्डे असतील तर तेवढं घासून मागं न्यावं लागतं.

आता साफसफाई. लाकडी भाग निघत असेल तर काढून ठेवा. पातं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशनं घासा. मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा. ओलं राहिलं तर दुपारपर्यंत पुन्हा तांबूस होतं. हातमोजे घाला, पोरं लांब ठेवा.

दांडा ढिला असेल तर आपण हत्यार पाण्यात बुडवून ठेवतो. लाकूड फुगतं, पण वाळलं की पुन्हा हलतं. त्यापेक्षा पाचर ठोका. दांडा बदलायचाच तर बाभळीचा चांगला. जुन्या दांड्याला रंग फासू नका. जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरे. पण त्या तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. पसरून उन्हात वाळवा. धार मात्र जाणत्या सुताराकडूनच लावून घ्या आणि शेजारी बसून शिका.

एवढं झालं की ठरवा: घरात वापरायचं, काम करणाऱ्या सुताराला द्यायचं, की आठवण म्हणून ठेवायचं. कणेरी मठाच्या ग्रामजीवन म्युझियममध्ये सुतार, लोहार असे बलुतेदार कामात दाखवलेत. गटाची सहल नेलीत तर हत्यारं कशी धरत, ते पोरींना कळेल.

विकणं वाईट नाही. पण काय विकतोय, हे ठाऊक असू दे.