चांदणीचा पेपर पंच: छोटी चांदणी, मोठी पट्टी आणि दोन्हींचे उपयोग

शाळेच्या प्रोजेक्टसाठी रात्री नऊ वाजता स्टेशनरीच्या दुकानातून धावतपळत आणलेला चांदणीच्या आकाराचा पेपर पंच बऱ्याच घरांत सापडतो. पहिल्या दिवशी कौतुकाने पन्नास-साठ चांदण्या पाडल्या जातात. त्यातल्या काही वहीवर चिकटतात, काही केरात जातात आणि पंच ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो. पुढे गणपती, दिवाळी किंवा नाताळ आला की त्याच घरात बाजारातून प्लास्टिकच्या चांदण्यांची तयार माळ येते.

पंच मागे पडतो त्याची कारणं साधी आहेत. चांदण्यांची टोकं फाटतात, पंच अडकतो, आणि एवढुशा चांदण्यांचं करायचं काय ते सुचत नाही. या तिन्हींवर उपाय आहेत. त्यासाठी आधी पंचाच्या आत काय होतं ते पाहायला हवं.

टोकं का फाटतात?

पंचाच्या तळाशी धातूची एक पट्टी असते, तिला चांदणीच्या आकाराचं भोक असतं. वर त्याच आकाराचा, त्या भोकात जेमतेम शिरणारा दट्ट्या असतो. बटण दाबलं की दट्ट्या खाली येतो आणि कागद भोकाच्या कडेवर कापला जातो. काम कात्रीचंच आहे. फरक इतकाच की कात्री कापत कापत पुढे सरकते, पंचाला मात्र सगळी कड जवळजवळ एकाच दमात कापावी लागते.

इथे चांदणीचा आकार त्रास देतो. एका वर्तुळात बरोबर मावेल अशी टोकदार पाच टोकांची चांदणी घेतली, तर तिचं क्षेत्रफळ त्या वर्तुळाच्या जेमतेम ३६ टक्के भरतं. पण तिची कड वर्तुळाच्या परिघापेक्षा सुमारे १६ टक्के जास्त असते. कागद निघतो थोडा, कापावा लागतो जास्त. शिवाय पाचही टोकं अवघ्या ३६ अंशांची. एवढ्या अरुंद जागेत कागदाचे दोन-चार तंतू जरी तुटायचे राहिले, तरी चांदणी ओढून काढताना टोक फाटतं. गोल किंवा चौकोनी पंचाला जे कागद चालतात ते चांदणीला चालतीलच असं नाही, ते यामुळेच.

कागद कोणता घ्यायचा?

कागदाची जाडी दुकानात ‘जीएसएम’मध्ये सांगतात. एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. ए-फोर आकाराची १६ पानं मिळून एक चौरस मीटर होतो, म्हणून झेरॉक्सच्या ८० जीएसएम कागदाचं एक पान ५ ग्रॅमचं असतं. चांदणीसाठी हा कागद चालतो, पण माळेत लटकवला की टोकं वळतात. १२० ते २०० जीएसएमचा कार्डपेपर सगळ्यात सोयीचा. तो स्वच्छ कापला जातो आणि आकारही धरून ठेवतो.

असा कागद घरात फुकट येत असतो, लग्नपत्रिकांच्या रूपाने. पत्रिकेचा कागद रंगीत, कडक आणि बहुतेक वेळा एका बाजूने कोरा असतो. गणपतीचं चित्र आणि नावं असलेला भाग आधी कापून बाजूला ठेवला, तर ती जपून ठेवणाऱ्यांचंही मन मोडत नाही. मिठाईच्या खोक्याचं पातळ झाकण आणि भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची जाड पानंही उपयोगी पडतात. मखमली पत्रिका, प्लास्टिकचा थर दिलेली पत्रिका आणि चमकी लावलेला कागद मात्र टाळावा. मखमलीचे धागे आणि चमकीचे कण दट्ट्याभोवती अडकतात, आणि तो पंच मग साध्या कागदालाही कुरकुर करतो.

पतंगाचा पातळ कागद नुसता घातला तर कापला न जाता भोकात दुमडतो. झेरॉक्सच्या दोन कागदांच्या मध्ये ठेवून पंच केला तर तोही नीट निघतो.

पंच अडखळायला लागला तर पोळ्या गुंडाळायची फॉइल चार पदरी करून तिच्यावर आठ-दहा वेळा दाबावा, कडेला चिकटलेली कूस निघून जाते. मग एका कागदावर मेणबत्ती घासून त्यावरही काही वेळा दाबावा, म्हणजे दट्ट्या सहज खाली-वर होतो. तेल घालू नये. पुढच्या प्रत्येक चांदणीवर डाग पडतो.

आधी पट्ट्या, मग चांदण्या

नवख्या माणसाची सर्वात मोठी चूक म्हणजे अख्खं पान पंचात सरकवणं. पंच कागदाच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटरच आत पोहोचतो, त्यामुळे कडेने चांदण्या निघतात आणि पानाचा मधला भाग वाया जातो.

त्याऐवजी ए-फोर पानाच्या लांबीच्या दिशेने ४ सेंटिमीटर रुंदीच्या ५ पट्ट्या कापायच्या. पंच उलटा धरायचा, म्हणजे भोक वर येतं आणि चांदणी नेमकी कुठे कापली जाणार ते दिसतं. अडीच सेंटिमीटरच्या पंचाने दर ३ सेंटिमीटरला एक, अशा एका पट्टीत ९ चांदण्या बसतात. पाच पट्ट्यांच्या मिळून ४५.

आता थोडा हिशेब. या ४५ चांदण्यांत पानाचा जेमतेम आठवा भाग जातो. उरलेले सात भाग असतात ते भोकं पडलेल्या पट्ट्यांमध्ये, आणि लोक नेमके तेच फेकून देतात. खरं तर पंचाची निम्मी करामत त्या पट्ट्यांत आहे.

चांदण्यांचं काय करता येईल?

सगळ्यात सोपी म्हणजे माळ. दोन चांदण्यांच्या मध्ये दोरा ठेवून त्या पाठीला पाठ लावून चिकटवायच्या, दोन्ही बाजूंनी रंग दिसतो.

त्याहून देखणा प्रकार तीन चांदण्यांचा. प्रत्येक चांदणी एका टोकापासून समोरच्या खाचेपर्यंत मधोमध दुमडायची. मग पहिलीची एक अर्धी बाजू दुसरीच्या अर्ध्या बाजूला, दुसरीची उरलेली बाजू तिसरीला आणि तिसरीची पहिलीला चिकटवायची. शेवटची जोडणी करण्याआधी मध्ये दोरा घालायचा. सपाट कागदातून तीन पाकळ्यांची, कुठूनही पाहिली तरी चांदणीच दिसेल अशी वस्तू तयार होते. पंख्याच्या वाऱ्यावर ती गरगर फिरते.

पाच सेंटिमीटरचा मोठा पंच असेल तर एकेक चांदणीही फुगवता येते. शाई संपलेल्या बॉलपेनाने प्रत्येक टोकापासून मध्यापर्यंत आणि प्रत्येक खाचेपासून मध्यापर्यंत रेघा दाबून ओढायच्या. टोकाकडून येणाऱ्या पाच रेघा वर उचलायच्या, खाचेकडून येणाऱ्या पाच खाली दाबायच्या. भेटपाकिटावर अशी एकच चांदणी लावली तरी ते पाकीट उठून दिसतं.

मोठं काम करायचं असेल तर गणपतीमागचा पडदा. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली. त्या वर्षी थर्मोकोल उत्पादकांनी गणेशोत्सवापुरती सूट मागितली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने नाकारली. तेव्हापासून कागद आणि पुठ्ठ्याच्या मखरांना पुन्हा भाव आला आहे. एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच पडद्याला १० सेंटिमीटर अंतरावर ११ दोरे लागतात. प्रत्येक दोऱ्यावर १० ठिकाणी चांदण्या, म्हणजे ११० जोड्या, २२० वेळा पंच. कागद लागतो फक्त पाच पानं. हात मात्र दुखतो. पंच टेबलावर ठेवून, उभं राहून तळव्याने दाबला तर कमी दुखतो, आणि घरातल्या चार जणांनी वाटून घेतलं तर एका संध्याकाळचं काम आहे. हा पडदा दिव्यापासून आणि निरांजनापासून हातभर लांब हवा, कागद तो कागदच.

आणि पट्ट्यांचं?

एका पानातून ज्या ५ पट्ट्या उरल्या, त्या पतंगी कागदाच्या ए-फोरएवढ्या तुकड्यावर एकाला एक लागून चिकटवायच्या. त्याची गुंडाळी करून कडा सेंटिमीटरभर एकावर एक आणून चिकटवल्या की सुमारे ९ सेंटिमीटर व्यासाचा, २० सेंटिमीटर उंच आकाशकंदील तयार. त्याला ४५ खिडक्या, प्रत्येक चांदणीच्या आकाराची. खाली झिरमिळ्या लावल्या की दिवाळीचा, न लावता दारात टांगला तर नाताळचा. आत फक्त एलईडीची माळ सोडायची. पणती किंवा तापणारा बल्ब अजिबात नको.

रांगोळी न जमणाऱ्यांसाठीही ही पट्टी कामाची आहे. मोठ्या पंचाची पट्टी उंबऱ्यासमोर ठेवायची, चहाच्या गाळणीतून तिच्यावर रंग भुरभुरायचा आणि पट्टी अलगद उचलायची. चांदण्यांची सरळ रांग उमटते. पट्टी पुढे सरकवली की पुढची. कागद ओला फरशीवर ठेवला तर फुगतो, त्यामुळे फरशी आधी कोरडी करावी.

हा सगळा प्रकार बिनचमकीचा का, असा प्रश्न मुलं विचारतातच. बाजारातली सुटी चमकी बहुतेक वेळा प्लास्टिकच्या पातळ फिल्मचे कण असते. हे कण झाडून गोळा होत नाहीत, धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात जातात आणि तिथून पुढे नदीत. युरोपीय संघाने १७ ऑक्टोबर २०२३ पासून मायक्रोप्लास्टिकवर निर्बंध लागू केले, तेव्हा हस्तकलेची सुटी प्लास्टिक चमकी पहिल्याच फेरीत त्यात आली. चकाकी हवीच असेल तर चॉकलेटच्या वेष्टनातली ॲल्युमिनियमची फॉइल कार्डपेपरवर चिकटवून तिच्या चांदण्या पाडता येतात.

चांदणी गोल होते तेव्हा

पट्टीचा शेवटचा उपयोग सजावटीचा नाही, पण मुलांना तोच सर्वात आवडतो. दीड सेंटिमीटरच्या छोट्या पंचाने पाडलेली एक चांदणी आजूबाजूच्या कागदासकट कापून घ्यायची. मोठ्या पुठ्ठ्याच्या मधोमध चौकोनी भोक पाडून त्यावर ती चिकटवायची. हा पुठ्ठा उन्हात जमिनीपासून वीतभर वर धरला, तर सावलीत चांदणीच्या आकाराचा कवडसा पडतो. तोच पुठ्ठा पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, जमिनीपासून चारेक मीटरवर धरला तर कवडशाची टोकं विरून जातात आणि तो जवळजवळ गोल होतो.

कारण दूर गेल्यावर तो भोकाचा आकार राहत नाही, सूर्याची प्रतिमा होतो. भोक आणि जमीन यांच्यात जितकं अंतर, त्याच्या सुमारे एकशे दहाव्या भागाएवढी ही प्रतिमा असते. चार मीटरला साधारण साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे चांदणीच्या दुपटीहून मोठी. त्यामुळे भोक चांदणीचं आहे की चौकोनी, याला फारसा अर्थ उरत नाही. झाडाखाली पडणारे कवडसे पानांच्या फटी वेड्यावाकड्या असूनही गोल दिसतात ते यामुळेच, आणि खंडग्रास सूर्यग्रहणात हेच कवडसे कोरीसारखे होतात. पुठ्ठा धरताना सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि कवडसा जमिनीवर पाहायचा. चांदणीच्या भोकातून थेट सूर्याकडे मुलांना कधीही पाहू द्यायचं नाही.