वादळ गेले, पुढचे आठ दिवस सांभाळा

२०२३ सालच्या एप्रिलचा दुसरा आठवडा आठवून बघा. रविवार, ९ एप्रिलच्या रात्री अकोला जिल्ह्यातल्या बाळापूर तालुक्यात पारस गावी वादळ सुटले. संस्थानात आरतीला जमलेली माणसे पावसापासून आडोसा म्हणून टिनाच्या शेडखाली थांबली होती. शेजारचे मोठे कडुनिंबाचे झाड त्या शेडवर कोसळले आणि सात माणसे गेली. त्याच सुमारास नाशिककडे बागलाणात गारांनी काढणीला आलेला कांदा झोडपून काढला. मग बरोबर आठ दिवसांनी पुढचा रविवार उजाडला, १६ एप्रिल. त्या दिवशी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर सकाळपासून दुपारपर्यंत उघड्या उन्हात बसलेल्या लोकांपैकी चौदा जण उष्माघाताने दगावले. जवळच्या केंद्रावर पारा होता ३८ अंशांच्या आसपास.

आता आपण म्हणाल, कुठे पारस आणि कुठे खारघर! एक वऱ्हाडात, दुसरे खाडीकाठी. हवा वेगळी, माणसे वेगळी. कबूल. पण आठवडा एकच होता. अशा आठवड्याची रीत आपल्याही शिवारात फारशी वेगळी नसते. आधी दोन-तीन दिवस दुपारनंतर आभाळ भरून येते, वावटळ उठते, विजा कडाडतात, पाऊस किंवा गारा पडतात. मग एका सकाळी आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ होते आणि तिथून ऊन चढत जाते. वादळ असते अर्ध्या तासाचे. त्याचे फोटो छापून येतात, पुढारी बांधावर येऊन जातात. त्यानंतरच्या आठ दिवसांत जे हळूहळू जाते त्याचा फोटो निघत नाही. आज त्याच आठ दिवसांबद्दल बोलू.

हे असे का होते, ते थोडक्यात. चैत्र-वैशाखात जमीन तापते. विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटक ओलांडून थेट तमिळनाडूपर्यंत हवेच्या कमी दाबाचा एक पट्टा अधूनमधून तयार होतो. त्याच्या एका अंगाने समुद्रावरचे दमट वारे येतात, दुसऱ्या अंगाने वायव्येकडचे कोरडे वारे. दोघांची गाठ पडली आणि खालून तापलेल्या जमिनीने हवा वर ढकलली, की दुपारी तीन-चारच्या पुढे ढग उभे राहतात. पट्टा विरला किंवा सरकला, की दमट वारे तुटतात, ढग जातात आणि वायव्येचा कोरडा वारा मोकळा सुटतो. पहिले दोन-तीन दिवस जमिनीतली ओल वाफ होऊन वर येत असते. ऊन कडक आणि हवा दमट, म्हणून जीव कासावीस करणारा उकाडा. ओल संपली की सुरू होतो कोरडा रखरखाट.

पारावर म्हणतात, ‘बरं झालं, गारवा आला.’ गारवा येतो हे खरे, पण त्याचीच भूल पडते. दोन दिवस कामे अडलेली असतात, म्हणून उघडीप मिळताच घरची सगळी माणसे भर दुपारीसुद्धा शेतात. अंगाला उन्हाची सवय लागायला एक-दोन आठवडे लागतात. मार्चमध्ये थोडीफार लागलेली सवय ढगाळ दिवसांत मोडते आणि वरून दमटपणामुळे घाम वाळत नाही. घाम वाळला तरच अंग थंड होते. नुसता निथळत राहिला तर अंगातले पाणी आणि मीठ तेवढे जाते. हवामान खाते मैदानी भागात ४० अंशांच्या पुढे आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त तापमान गेले की उष्णतेची लाट म्हणते. किनाऱ्याला मात्र हीच मर्यादा ३७ अंशांची धरतात, ती दमटपणामुळेच. म्हणून ‘आज काय, अडतीसच आहे’ असे म्हणून वादळानंतरच्या दमट दिवसात कुणी बेफिकीर राहू नये.

आता जनावरांचे. या भागावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण इथे एका दुपारीत दावण रिकामी होते आणि कारण काय ते कळेपर्यंत वेळ गेलेली असते. ज्वारी जिथे उपटून न काढता विळ्याने कापलेली असते तिथल्या बुडख्यांना वळवाच्या एकाच पावसाने हिरवेगार फुटवे येतात. खळ्याच्या कडेला सांडलेले दाणे उगवतात. उन्हाळ्यात चाऱ्याला लावलेले कडवळ वादळाने आडवे होते. खांब पडलेले, वीज नाही, मोटर बंद, म्हणून पाणी देता येत नाही आणि चार दिवसांत ऊन त्याला सुकवून टाकते. दिसायला चारा हिरवा असतो. पण ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात मुळात विष असते, आणि पाण्याचा ताण पडून वाढ खुंटली की ते आणखी वाढते. पोटात गेल्यावर त्याचे सायनाइड होते. आपण म्हणतो ना, ‘किराळ लागली’, ती हीच.

वादळात कडबा भिजलेला, हिरवे काही नाही, म्हणून भुकेले जनावर त्या रानात मोकळे सोडले जाते. ते अधाशासारखे खाते. थोड्याच वेळात धाप लागते, तोंडाला फेस येतो, अंग थरथरते, पाय लटपटतात आणि जनावर कोसळते. पुष्कळदा सर्पदंश समजून भलतेच उपाय सुरू होतात. किराळीवर पशुवैद्यकाकडे इंजेक्शन असते आणि वेळेत मिळाले तर जनावर उठते. पण हा मामला मिनिटांचा आहे. म्हणून ज्वारी किंवा कडवळ फुलोऱ्यात येईपर्यंत त्यात जनावर घालूच नका. कापून उन्हात चांगले वाळवलेल्या चाऱ्यात धोका कमी होतो. रानात सोडण्याआधी दावणीला थोडा वाळला चारा आणि पोटभर पाणी द्या. गुराख्याला, विशेषतः सुट्टीत गुरे राखणाऱ्या पोरांना, ही गोष्ट रानात नेऊन बोटाने दाखवा.

भिजलेल्या कडब्याची गंजी तशीच ठेवली तर ती आतून तापते आणि बुरशी धरते. पेंढ्या सोडून उभ्या करा, दोन उन्हे द्या. काळी-हिरवी बुरशी आलेला भाग जनावराला घालू नका. खत होईल त्याचे.

कांद्याची गोष्ट अशीच फसवी. काढून शेतात ठेवलेला कांदा भिजला की पहिली घाई होते ती चाळीत टाकण्याची, ‘पुन्हा पाऊस आला तर?’ म्हणून. भीती साहजिक आहे. पण ओला कांदा चाळीत गेला आणि मागून ४० अंशांचे ऊन आले, की मान कुजायला लागते आणि एकाची सड शेजारच्याला लागते. आधी पात सुकू द्या. शेतात ठेवायचा तर एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचा कांदा झाकला जाईल असा तीन ते पाच दिवस ठेवा, नाहीतर ऊन त्याला भाजते. मग दोन-अडीच सेंटिमीटर नाळ ठेवून पात कापा आणि दहा-पंधरा दिवस सावलीत पातळ पसरून वाळवा. गारेचा मार लागलेला, जोड किंवा डेंगळ्याचा कांदा चाळीत भरूच नका. भाव कमी मिळाला तरी तो आधी काढून टाका. त्याच्या पायी चांगला माल जातो.

लिंबू, डाळिंब, आंब्याच्या बागेत मोडलेल्या फांद्या करवतीने नीट कापून कापल्या जागी बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी हे त्याचे प्रमाण. उघडी पडलेली खोडे उन्हाने तडकतात, त्यांना चुना लावा किंवा गोणपाट बांधा. एवढे पुरे.

माणसांकडे परत येतो. या आठवड्यात लग्ने असतात, जत्रा असतात, १४ एप्रिलची जयंती असते. दुपारी बाराचा मुहूर्त, मांडवाला ताडपत्री, पाण्याचे एकच पिंप, आणि वरात संपेपर्यंत म्हातारी माणसे ताटकळलेली! मुहूर्त बदलता येत नसेल तर निदान पाण्याची सोय दुप्पट करा. रोजगार हमीच्या कामावर आणि सालगड्यांच्या बाबतीत सकाळी लवकर सुरुवात, अकराच्या आत हात थांबवणे आणि उरलेले काम चारनंतर, हे या आठ दिवसांत तरी पाळावे. खिशात कांदा ठेवला की ऊन बाधत नाही असे आपल्याकडे मानतात. खिशातल्या कांद्याने ऊन अडत नाही. ताक, पन्हे, मीठ-साखरेचे पाणी पोटात गेले तर फरक पडतो.

एखादा माणूस शेतात बरळायला लागला, ओळख विसरला, अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही समजा. त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवा आणि वारा घाला. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ठसका लागून जीव जातो. १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नका.

आता गावच्या कारभाऱ्यांशी दोन शब्द. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, ग्रामसेवक झाले ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी सहायक झाले सहायक कृषी अधिकारी. नावे बदलली, गाव अजून जुन्याच नावाने हाक मारते. पंचनाम्याला बांधावर जायचे ते यांनीच. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर मदत, हा निकष २०१५ पासून आहे, त्याआधी तो ५० टक्के होता. अडचण अशी, की पाहणी दुसऱ्या दिवशी झाली तर भिजलेला कांदा वरून चांगलाच दिसतो. तो सडतो आठव्या दिवशी. म्हणून घाईत ‘नुकसान नाही’ असा शेरा मारू नये. काढलेला माल शेतात भिजला होता एवढी नोंद तरी पंचनाम्यात राहू द्यावी. आणि शेतकऱ्याने तोंडी सांगण्यावर विसंबू नये. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, मोबाइलमध्ये पहिल्या दिवसाचे आणि आठव्या दिवसाचे फोटो ठेवावेत. पाहणी होण्याआधी रान नांगरायची घाई करू नये. विजेने जनावर दगावले तर पंचनामा आणि शवविच्छेदन होईपर्यंत पुरू नये.

ग्रामपंचायतीने वादळाच्या दुसऱ्याच दिवशी विहिरीकडे बघावे. वाहून आलेला गाळ-कचरा काढून टीसीएल टाकावी, कारण ऊन वाढले की गाव त्याच पाण्यावर तुटून पडते. शाळा, मंदिर, एसटीचा थांबा यांच्यावर ओणवलेली, आतून पोखरलेली झाडे चैत्र लागण्याआधी पाहून ठेवावीत, धोक्याच्या फांद्या रीतसर परवानगीने उतरवाव्यात. पारसचे झाडही लोकांच्या रोजच्या वाटेवरचेच होते.

विजेची आगाऊ सूचना देणारे ‘दामिनी’ हे ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले आहे, ते गावातल्या चार-पाच पोरांच्या तरी मोबाइलमध्ये असावे. कृषी विद्यापीठांचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तो चावडीच्या फळ्यावर खडूने लिहायला दहा मिनिटे लागतात, आणि तो लिहिताना पावसाच्या अंदाजाखालची कमाल तापमानाची ओळ गाळू नये.