एका ठोक्याला एक रुपया

छातीला बांधलेला हार्ट रेट मॉनिटरचा पट्टा ऐकतो तरी किती बारीक? हृदयाची वीज कातडीपर्यंत पोचते तेव्हा उरते साधारण एक मिलिव्होल्ट. आता भिलाईतल्या रुआबांध्यातून सायकल काढा, गावातून जाणाऱ्या मुंबई-हावडा रुळांपाशी थांबा आणि वर बघा. त्या तारेत 25,000 व्होल्ट! पट्टा टिपतो त्याच्या अडीच कोटी पट! आणि ती कुजबुज तो घामेजल्या छातीवरून, खडखडत्या रस्त्यावरही टिपतो.

हा पट्टा कामाला येतो बेस ट्रेनिंगमध्ये. बेस ट्रेनिंग म्हणजे गप्पा मारत चालवता येईल अशी संथ, लांब सायकल. चाळिशीतल्या माणसाला ठोके साधारण 130 धरू. आकडा वर सरकला की पाय सैल सोडायचे. मिनिटाला 130, तासाला 7,800. आठवड्याला 10 तास, असे 12 आठवडे: 9 लाख 36 हजार ठोके! मिनिटाला 15 लिटर रक्त धरा. अंगात जेमतेम पाच लिटर, म्हणजे तेच रक्त मिनिटाला तीनदा फिरतंय! 120 तासांत झालं 1 लाख 8 हजार लिटर. चार मीटर व्यासाची विहीर साडेआठ मीटरपर्यंत भरली, मुठीएवढ्या पंपाने!

अशाच तासांवर लांब पल्ल्याचा दम उभा राहतो. किती लांब? नागपूरचे डॉ. अमित समर्थ 2017 साली ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत एकट्याने पार करून आले: 4,800 किलोमीटरहून जास्त, 11 दिवस 21 तास 11 मिनिटांत. मुंबई-पुण्याच्या 32 खेपा! रेल्वेने मुंबईहून हावड्याला जा, मुंबईला परत या, पुन्हा निघून नागपूर गाठा, तरी थोडं अंतर उरतंच. भिलाईच्या पोलाद कारखान्यात 130 मीटरचा अखंड रूळ बनतो. तसे जवळजवळ 37 हजार रूळ एकापुढे एक मांडा. चाकाचे फेरे 22 लाखांवर. झोप, जेवण, सगळं धरून सरासरी ताशी जवळपास 17 किलोमीटर!

पण मला खरा थरार वाटतो तो घरच्या हिशेबात. एका ठोक्याला एक रुपया लावू. आरामात 70 ठोके, सायकलवर 130. म्हणजे मिनिटाला 60 रुपये जादा. वर्षभर आठवड्याला 10 तास चालवा: खर्च 18 लाख 72 हजार. बापरे! आता जमा बघा. सरावाने हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं आणि आरामातले ठोके उतरतात. समजा 70 चे 60 झाले. तासाला 600 रुपये वाचले. झोपेत वाचले, ऑफिसात वाचले, जेवताना वाचले. सायकलवरचे तास वजा करून वर्षाचे 49 लाख 44 हजार! निव्वळ शिल्लक 30 लाख 72 हजार. दहा वर्षं टिकवा: तीन कोटी सात लाख वीस हजार ठोके!