मोठ्या थ्रॉटलने टर्बोची मोटार अधिक धावते काय?

गोव्यातील मोले सोडले की बेळगावकडे जाणारा रस्ता अनमोडचा घाट चढू लागतो आणि घाटमाथ्यावर तो उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात येतो. पुढे रामनगरवरून तो खानापूर व बेळगाव गाठतो. मोटारीची खरी परीक्षा सपाटीवर होत नाही. ती अशा घाटात होते. चार-पाच माणसे आणि त्यांचे सामान घेऊन गाडी वळणे चढू लागली, पुढे मालाने भरलेला ट्रक आला आणि त्याला ओलांडून जाण्याची वेळ आली, म्हणजे इंजिनात किती जोर आहे ते चालकाला तत्काळ कळते. मग गाडीचा जोर वाढवावा कसा, हा विचार त्याच्या मनात येतो. आणि सल्ला देणारेही भेटतात. त्यांपैकी एक सल्ला अलीकडे वारंवार ऐकू येतो. तो असा की, गाडीचा मूळचा थ्रॉटल काढून त्या जागी मोठ्या तोंडाचा थ्रॉटल बसवावा. इंजिन अधिक श्वास घेईल आणि गाडी अधिक पळेल. टर्बो बसविलेल्या गाड्यांच्या बाबतीत हा सल्ला कितपत खरा आहे, याचा विचार करणे उपयुक्त ठरेल. कारण त्यात पैशाचा प्रश्न आहे, आणि घाटातल्या सुरक्षिततेचाही आहे.

प्रथम थ्रॉटल म्हणजे काय ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनात हवा ज्या मार्गाने शिरते त्या मार्गावर एक धातूची नळी असते आणि तिच्यात मधोमध एका दांडीवर फिरणारी वाटोळी चकती असते. चालकाने पायाखालचा ॲक्सिलरेटर दाबला की चकती फिरते, वाट मोकळी होते आणि हवा आत जाते. आत जाणाऱ्या हवेच्या प्रमाणात पेट्रोल सोडले जाते आणि त्या दोहोंच्या ज्वलनातून शक्ती मिळते. थोडक्यात, थ्रॉटल हा इंजिनाचा दरवाजा होय. दरवाजा मोठा केला म्हणजे अधिक हवा येणार, हा तर्क वरवर पाहता बिनतोड वाटतो. पण दरवाजा मोठा असून माणसे अधिक येत नाहीत, असा अनुभव आपल्याला इतरत्रही येतो. माणसे किती यायची ते दरवाजावर ठरत नसून बाहेर किती उभी आहेत आणि आत किती मावतील यावर ठरते. हवेचेही तसेच आहे.

साध्या इंजिनात हवेला आत ढकलणारी शक्ती म्हणजे केवळ वातावरणाचा दाब. हा दाब उंचीबरोबर कमी होतो. समुद्रसपाटीच्या मानाने ६०० मीटर उंचीवर तो सुमारे ७ टक्क्यांनी उतरतो. म्हणून साधी गाडी घाटमाथ्यावर किंचित मलूल वाटते. ही उणीव भरून काढण्याचा आणि त्याहूनही पुढे जाण्याचा मार्ग स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने शोधला व १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळलेल्या वायूत पुष्कळ शक्ती वाया जाते. त्या वायूच्या झोताने एक चक्र फिरवावे, त्याच दांडीवर दुसरे चक्र बसवावे आणि त्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, ही त्याची कल्पना. आज ज्याला टर्बो म्हणतात तो हाच. त्यामुळे लहानशा इंजिनात मोठ्या इंजिनाइतकी हवा मावू लागली. २०१७ मध्ये बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉनच्या पेट्रोल इंजिनाचे आकारमान अवघे १.२ लिटर, पण टर्बोमुळे ते सुमारे ११० अश्वशक्ती देत असे.

आता महत्त्वाचा मुद्दा हा की, आजच्या टर्बोच्या पेट्रोल गाडीत थ्रॉटल कोठे असतो? हवा आधी गाळणीतून जाते, मग टर्बोत दाबली जाते, दाबल्यामुळे तापलेली हवा इंटरकूलरमध्ये थंड होते आणि सर्वांत शेवटी ती थ्रॉटलपाशी येते. म्हणजे थ्रॉटलमधून जाणारी हवा ही आधीच दाबलेली, दाट झालेली हवा असते. एका दमात इंजिनात शिरणाऱ्या हवेचे वजन वाढलेले असते; पण तिचे आकारमान तेवढेच राहते, कारण सिलिंडरचे आकारमान वाढलेले नसते. एका वाटीत भात सैल भरला काय आणि दाबून भरला काय, वाटी तेवढीच असते.

येथे थोडा हिशोब केला म्हणजे गोष्ट स्पष्ट होईल. १.२ लिटरचे इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा पूर्ण भरते. मिनिटाला ५००० फेऱ्या होत असतील तर ते २५०० वेळा भरेल. म्हणजे मिनिटाला ३००० लिटर, अर्थात सेकंदाला ५० लिटर हवा थ्रॉटलमधून जाईल. थ्रॉटलचा व्यास ५० मिलिमीटर धरला तर या हवेचा वेग सेकंदाला सुमारे २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर येतो. व्यास ६० मिलिमीटर केला तर तो ताशी ६५ किलोमीटरांच्या आसपास उतरतो. हा फरक ऐकायला मोठा वाटतो. परंतु हवेच्या दृष्टीने दोन्ही वेग मामुलीच आहेत. वातावरणाच्या दुप्पट दाबाची हवा या वेगाने लहान थ्रॉटलमधून जाताना, मधल्या दांडीचा आणि चकतीचा अडथळा धरूनही, तिच्या दाबात होणारी घट एक टक्क्याहून कमी, साधारण अर्ध्या टक्क्याइतकी भरते. मोठा थ्रॉटल लावून ती सगळीच्या सगळी नाहीशी झाली असे मानले, तरी ११० अश्वशक्तीच्या इंजिनाला लाभ होईल तो जेमतेम अर्ध्या अश्वशक्तीचा.

आणि हा अर्ध्या अश्वशक्तीचा लाभही बहुधा हाती येत नाही. टर्बोने किती दाब द्यावा हे थ्रॉटल ठरवीत नाही. इंजिनाच्या नियंत्रक संगणकात तो दाब आधीच ठरविलेला असतो. थ्रॉटलच्या पलीकडे, सिलिंडरांच्या तोंडाशी, एक दाबमापक बसविलेला असतो. त्यावरील दाब ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की वेस्टगेट नावाची झडप उघडते आणि जळलेला वायू टर्बोच्या चक्राला वगळून परस्पर बाहेर जातो. थ्रॉटल मोठा करून वाटेतील घट थोडी कमी केली तर संगणक एवढेच करील की, टर्बोला तितके कमी फिरवील. सिलिंडरात पोहोचणारा दाब पूर्वी होता तेवढाच राहील.

जोयडा तालुक्यातील गणेशगुडीजवळचे काळी नदीवरील सुपा धरण पाहिलेल्याला हे लवकर पटेल. या १०१ मीटर उंच धरणाच्या पायथ्याशी प्रत्येकी ५० मेगावॅटची दोन जनित्रे आहेत. पाण्याच्या वाटेवरची एखादी झडप गरजेपेक्षा रुंद बसविली म्हणून त्यांतून दोनशे मेगावॅट वीज निघणार नाही. जनित्र जेवढे घेऊ शकते तेवढेच पाणी ते घेणार.

याच तालुक्यातील कॅसल रॉक येथून गोव्यातील कुळेपर्यंत उतरणाऱ्या रेल्वेमार्गाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. या घाटाची चढण ३७ मीटरांस एक मीटर, अशी बिकट आहे. तेथे मालगाड्यांना पुढून ओढलेल्या आणि मागून रेटा दिलेल्या डिझेल इंजिनांत डब्ल्यूडीजी-४ या जातीचे इंजिन प्रसिद्ध आहे. त्याची शक्ती सुमारे ४००० अश्वशक्ती आणि त्याला टर्बो आहे. पण मोटारीत असतो तसा हवा अडविणारा थ्रॉटल त्यात नाहीच. डिझेल इंजिनाची शक्ती हवा अडवून नव्हे, तर इंधन कमीअधिक सोडून नियंत्रित केली जाते. खेडोपाडी फिरणाऱ्या डिझेलच्या बोलेरोसारख्या गाड्यांनाही हेच तत्त्व लागू आहे. काही डिझेल गाड्यांच्या हवेच्या वाटेवर झडप असते खरी. पण ती धुरातील प्रदूषण कमी करण्यासाठी आणि इंजिन शांतपणे बंद करण्यासाठी असते. म्हणून डिझेल गाडीच्या मालकाने तर मोठ्या थ्रॉटलच्या नादी मुळीच लागू नये.

मग हा सल्ला आला कोठून? त्यालाही कारण आहे. टर्बो बसवून १९६२ मध्ये अमेरिकेत विकायला आलेल्या पहिल्या मोटारींपैकी शेव्हरलेट कॉर्व्हेअरमध्ये कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी होता. टर्बोला हवा त्याच्यातूनच ओढून घ्यावी लागे. त्यामुळे तेथे तोंडाचा आकार खरोखर महत्त्वाचा होता. टर्बो नसलेल्या, वेगाने फिरणाऱ्या शर्यतीच्या इंजिनांतही दाबाचा प्रत्येक कण मोलाचा असतो, आणि तेथे मोठ्या थ्रॉटलचा लाभ होऊ शकतो. एका जातीच्या यंत्राचा अनुभव दुसऱ्या जातीच्या यंत्राला लावला गेला, एवढाच याचा अर्थ.

परंतु ज्यांनी मोठा थ्रॉटल बसविला ते म्हणतात की, गाडीत फरक पडला. ते खोटे बोलतात असे नाही. ॲक्सिलरेटर पाव भाग दाबला असता लहान चकती जेवढी वाट मोकळी करते त्याहून मोठी चकती अधिक वाट मोकळी करते. म्हणून गाडी थोड्याशा दाबानेही उसळी घेते आणि चालकाला तिच्यात नवी शक्ती आल्याचा भास होतो. वस्तुतः पूर्वी अर्धा पाय दाबून जे मिळत होते तेच आता पाव दाबून मिळते. पूर्ण दाबल्यावर मिळणारी कमाल शक्ती तेथल्या तेथेच असते. या उसळीची किंमतही आहे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत अनमोडच्या निसरड्या वळणांवर शक्ती हळूहळू, मोजून देता येणे हाच चालकाचा मोठा आधार असतो. तो आधार कमी करणे शहाणपणाचे नाही. शिवाय मूळच्या मापावर बेतलेल्या संगणकाला नव्या थ्रॉटलचे माप ठाऊक नसले, तर उभ्या गाडीचे इंजिन कमीजास्त फिरू लागते, मधूनच बंद पडते, हा त्रास निराळाच.

मोठा थ्रॉटल कधीच उपयोगी नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. टर्बोच मोठा बसविला, इंधन सोडणारी यंत्रणा वाढविली, इंजिन अधिक फेऱ्यांना चालविले आणि हवेचा ओघ दुप्पट झाला, तर दाबातील घट चौपट होते. कारण घट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अशा वेळी जुना थ्रॉटल अपुरा पडू शकतो. पण हे अनुमानाने ठरवू नये, मोजून ठरवावे. इंजिन पूर्ण जोरात असताना थ्रॉटलच्या अलीकडचा व पलीकडचा दाब मोजावा. दोहोंत लक्षणीय अंतर आढळले तरच थ्रॉटल दोषी; अंतर नगण्य असेल तर तो निर्दोष आहे आणि अडथळा अन्यत्र शोधावा.

घाटात गाडी दमते त्याची कारणे बहुधा याहून साधी असतात. जंगलातल्या लाल धुळीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीची हवेची गाळणी लवकर तुंबते. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारी रबरी नळी चिरली तर दाबलेली हवा वाटेतच निसटते. इंटरकूलरवर चिखल साचला तर हवा नीट थंड होत नाही. थ्रॉटलच्या चकतीवर तेलकट काजळी बसते. ती साफ करावी लागते, पण त्यासाठी थ्रॉटल बदलावा लागत नाही. ही तपासणी अल्प खर्चात होते. तसेच मिनिटाला १५०० ते २००० फेऱ्यांच्या खाली टर्बो सहसा पुरेसा दाब देत नाही. म्हणून चढणीवर वेळीच खालचा गिअर टाकावा. आणि ओझ्याचा विचार करावा. डिसेंबरात जुन्या गोव्याच्या फेस्ताला निघालेल्या १२०० किलोच्या गाडीत माणसे व सामान मिळून ३०० किलो भार चढला, तर वजन चौथाईने वाढते. त्यापुढे अर्ध्या अश्वशक्तीची कथा ती काय?

कायद्याकडेही दृष्टी असावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा फेरफार वाहनात करता येत नाही. इंजिनाशी खेळ केल्यास उत्पादकाची हमी जाण्याचाही संभव असतो. आणि जी गाडी चढते तिला उतरावेही लागते. ज्याला घाटासाठी पैसे खर्चावयाचे असतील त्याने ते प्रथम चांगल्या टायरांवर आणि ब्रेकांवर खर्चावेत.

तात्पर्य, नित्याच्या टर्बोच्या गाडीत मोठा थ्रॉटल बसविल्याने शक्ती वाढत नाही. फार तर ती आहे त्यापेक्षा अधिक असल्याचा आभास होतो. इंजिनाची शक्ती त्यात जाणारी हवा, इंधन आणि दोहोंचे नियमन यांच्या मेळातून येते. या साखळीतील सर्वांत अरुंद दुवा कोणता, हे आधी मोजून पाहावे आणि मगच खिशात हात घालावा.