आधी नख, मग रंग

ऊसपट्ट्यातली गाडी ओळखायची तर तिच्या दोन्ही बाजू बघाव्यात. शेतरस्त्यानं वस्तीवर जाताना उसाची पानं दारांना घासत राहतात, आणि पानाच्या करवती कडेत सिलिका असते, म्हणजे वाळूचंच द्रव्य. हंगामात भवानीनगर, माळेगाव, बिजवडीच्या कारखान्यांकडे निघालेल्या ट्रॉल्यांमधून बाहेर आलेला ऊस लागतो तो वेगळाच. त्यात धूळ कोरड्या फडक्यानं पुसली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे उन्हात चमकतात.

बारामती-इंदापूरच्या बाजूला अशी गाडी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे नेली, तर चांगला कारागीर आधी नख फिरवतो. नख अडकलं नाही आणि पाणी लावल्यावर रेघ दिसेनाशी झाली, तर ओरखडा वरच्या क्लिअर कोटमध्येच आहे. प्रायमरपासून क्लिअरपर्यंत सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे दोन केसांपेक्षाही कमी. एवढ्यातच सगळा खेळ.

अशा ओरखड्यासाठी २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून कारागीर रबरी ठोकळ्यावर गुंडाळतो आणि हलक्या हातानं फिरवतो. दुधी पाणी येतंय तोवर क्लिअर झिजतोय. पाण्याला गाडीचा रंग आला की क्लिअर संपला, आता पॉलिशनं काही होणार नाही. पत्र्याच्या कडांवर रंग मुळातच पातळ, तिथं बफिंग मशीन जपूनच. मग रबिंग कंपाउंड, शेवटी पॉलिश.

पत्रा दिसत असेल तर मात्र लांबी, सर्फेसर, रंग, क्लिअर अशी पुढची सगळी वाट चालावी लागते. पण मूळ रंग वाचत असेल तर तो वाचवावाच, असं माझं ठाम मत आहे. गाडीच्या कारखान्यात नुसती बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून, विजेचा प्रवाह देऊन, भट्टीत दीडशे अंशांच्या पुढे भाजतात. वायरिंग, काचा, प्लॅस्टिक बसलेल्या गाडीला ती भट्टी कशी सोसणार?

गॅरेजातला रंगही बदलत आलाय. याच पट्ट्यातल्या वालचंदनगरला ज्यांचं नाव आहे त्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्यांच्या कंपनीच्या पद्मिनी गाड्या गॅरेजात एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंटनं रंगवल्या जात. थिनर उडून वाळणारा तो रंग पावसाळ्यात पांढुरका पडायचा. आताचा टू-पॅक रंग हार्डनरनं घट्ट होतो, टिकतोही. पण त्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटनं दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल ती वाफ अडवत नाही. शेड हुबेहूब जुळली का, हे गिऱ्हाईक निरखून बघतं. कारागिराच्या तोंडावर बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्क आहे का, हेही त्यानं बघावं, आणि त्यापायी बिल थोडं वाढलं तर घासाघीस करू नये.